अंगण झाडा, वाफा झाका : परसबागेसाठी पाल्याचं आच्छादन



माघ महिना सरत आला की आपल्या भागातली झाडं अंग झटकायला लागतात. साग तर त्याच्या आधीच उघडा पडलेला असतो. मग पळस, कडुनिंब, मोह आणि मागून पिंपळ. सकाळी खराटा फिरवला तरी दुपारपर्यंत अंगण पुन्हा पानांनी भरतं. मग आपण काय करतो? पाला एका कोपऱ्यात लोटतो आणि संध्याकाळी त्याला काडी लावतो. घरोघरी धूर. गावावर थोडा वेळ ढग बसल्यासारखं वाटतं.

नेमकं याच दिवसांत दुसरं एक काम बंद पडतं. हिवाळ्यात छान फुललेली परसबाग, ज्याला कुणी वाडी म्हणतं, कुणी सांदवाडी, मार्चमध्ये मलूल होते आणि एप्रिलमध्ये संपते. बैठकीत विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "उन्हाळ्यात प्याले पाणी नाही, भाजीले कुठून आणाचं?" बरोबरच आहे. पाणी आपल्याच डोक्यावरून येतं.

पण परसबाग बंद पडली की काय होतं तेही बघा. भाजी बाजारातून येते, आठवड्यातून एकदा येते. दोन दिवस हिरवी भाजी, मग पाच दिवस बेसन किंवा चटणी. थोडी भाजी असेल तर आधी पोरांना, मग घरच्या माणसांना, आणि उरलं तर आपल्याला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त महिलांच्या अंगात रक्त कमी आढळलं. एका परसबागेने हा प्रश्न सुटणार नाही. तरी मे महिन्यातसुद्धा दारात चवळीची आणि राजगिऱ्याची भाजी असणं ही लहान गोष्ट नाही.

म्हणजे एका बाजूला आपण पाला जाळतो आहोत, आणि दुसऱ्या बाजूला आपले वाफे उन्हात उघडे पडले आहेत. या दोन गोष्टी जोडायच्या, एवढाच आजचा पाठ. पाठाचं नावच लक्षात ठेवा : अंगण झाडा, वाफा झाका.

आच्छादन म्हणजे काय?

जमिनीच्या अंगावर पांघरूण घालणं म्हणजे आच्छादन. ते प्लास्टिकच्या कागदाचं असतं, उसाच्या पाचटाचं असतं, गवताचं असतं, तसंच पाल्याचंही असतं. पाल्याला पैसा लागत नाही आणि तो शेवटी मातीतच मिसळतो, म्हणून परसबागेला तोच बरा.

ही कल्पना नवी नाही. जंगलात कोण नांगरतं, कोण पाणी देतं? तरी मोहाखालची माती हातात घेऊन बघा. काळी, भुसभुशीत, गार. वर्षानुवर्षं पानं पडतात, कुजतात, त्यांचीच माती होते. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर, ज्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांनी नैसर्गिक शेतीचे चार आधार सांगितले : बीजामृत, जीवामृत, आच्छादन आणि वाफसा. त्यातले शेवटचे दोन एकमेकांच्या हातात हात घालून चालतात. वाफसा तुम्हाला मी काय सांगणार? मातीत ओलही आहे आणि हवाही आहे, पेरणीला पाय टाकावा अशी ती अवस्था. आच्छादन घातलं की तो वाफसा जास्त दिवस टिकतो.

पाल्याच्या थराखाली पाच गोष्टी होतात :

१. ऊन आणि वारा थेट मातीला लागत नाही. त्यामुळे ओल लवकर उडत नाही.

२. माती तापत नाही. मे महिन्यात उघड्या मातीवर अनवाणी पाय ठेववत नाही, मग त्याच मातीत वरवर असलेल्या कोवळ्या मुळांचं काय होत असेल?

३. काळ्या जमिनीला भेगा कमी पडतात. भेग पडली की मुळं तुटतात, आणि त्या भेगेतून खोलवरची ओलसुद्धा निघून जाते. आपल्याकडच्या भारी जमिनीला हा फायदा सगळ्यात मोठा आहे.

४. तणाला उजेड मिळत नाही, म्हणून निंदण कमी होतं.

५. खालचा पाला हळूहळू कुजतो. गांडुळं वर येतात, माती भुसभुशीत होते.

पाण्याचा हिशोब

बचतीचा हिशोब आपण पैशापैशाने करतो, तसा पाण्याचा करून बघू.

एक चौरस मीटर जमिनीवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर १ लिटर. आता १० फूट बाय १० फुटांचा एक वाफा घ्या. तो साधारण सव्वानऊ चौरस मीटरचा होतो. म्हणजे त्या वाफ्यातून १ मिलिमीटर ओल उडाली तर ९ लिटरहून जास्त पाणी गेलं. उन्हाळ्यात पाणी दिलेल्या उघड्या मातीतून एका दिवसात याहून कितीतरी जास्त ओल उडते. समजा ३ मिलिमीटर उडाली, तर २८ लिटर झालं. आपला एक गुंड १२ ते १५ लिटरचा धरला तर रोज दोन गुंड पाणी झाडाच्या तोंडी न लागता नुसतं उन्हाने प्यायलं.

पाल्याने हे सगळं पाणी वाचेल असं नाही. झाड स्वतः पानांतून पाणी सोडतं, ते सोडणारच. पण मातीतून उडणारं पाणी बरंच कमी होतं. जिथे रोज पाणी द्यावं लागायचं तिथे एक दिवसाआड, कधी दोन दिवसांआड भागतं. दोन गुंड कमी म्हणजे विहिरीची किंवा हातपंपाची एक खेप कमी. कंबर आणि मान कुणाची वाचली, ते वेगळं सांगायला नको.

कोणता पाला घ्यायचा?

कडुनिंब, पिंपळ, वड, उंबर, करंज, पळस, शिरीष यांची गळलेली पानं बिनधास्त वापरा. सुबाभूळ आणि गिरिपुष्पाचा पाला मिळाला तर अजून चांगलं, कारण त्यात नत्र जास्त असतं आणि तो लवकर कुजतो. बांधावर गिरिपुष्पाच्या चार फांद्या पावसाळ्यात रोवल्या तर पुढे दरवर्षी पाला घरचाच होईल.

सागाचं आणि आंब्याचं पान जरा दमाने वापरायचं. सागाची पानं मोठी. ओली झाली की एकावर एक चिकटून बसतात, आणि पत्रावळीवरून पाणी ओघळावं तसं पाणी बाजूला निघून जातं. म्हणून सागाची पानं हाताने चुरडून किंवा पोत्यात भरून काठीने झोडपून घ्या. आंब्याचं पान चिवट, कुजायला वेळ लागतो. ते दुसऱ्या पाल्यात मिसळा.

निलगिरीचा पाला भाजीच्या वाफ्यात नको. त्यातला अर्क बी उगवण्याला आणि कोवळ्या रोपाला त्रास देतो. बी धरलेलं गाजर गवत अजिबात नको, नाहीतर आपण आपल्या हाताने गाजर गवत पेरल्यासारखं होईल. रोग पडलेल्या वांगी-टमाट्याची झाडं आणि किडकी बोंडं असलेली पऱ्हाटीही वाफ्यात आणू नका. तणनाशक फवारलेल्या धुऱ्यावरचा पाला आणि गवत टाळा.

अंगण आणि रस्ता झाडून आणलेल्या पाल्यातून गुटख्याच्या पुड्या, प्लास्टिक, काच, ब्लेड आधी वेचून काढा. वाफ्यात आपण उघड्या हाताने काम करतो.

सोयाबीनचं कुटार आधी जनावराचं. ते खाऊन जे खाली उरतं, पायाखाली येतं, तेवढंच वाफ्याचं.

मोहाखालचा पाला

हा मुद्दा वेगळा घेते, कारण तो आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या रोजीचा आहे.

मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचायला जायच्या आधी झाडाखालचा पाला पेटवायची पद्धत आहे. जमीन साफ झाली की फुलं दिसतात आणि वेचायला सोपं जातं. कारण खरं आहे. पण ती आग झाडाखाली थांबेलच असं नाही. वारा आला की ती पसरते. १५ फेब्रुवारी ते १५ जून हे चार महिने वन विभाग वणव्याचा हंगाम म्हणून धरतो, आणि मोहाची फुलं नेमकी त्यातच येतात. आगीत मोहाची बारीक रोपं जळतात. आजचे मोह म्हातारे होतील तेव्हा आपल्या नातींनी वेचायला नवे मोह कुठून येणार? शिवाय राखीव जंगलात आग लावणं हा गुन्हा आहे.

यावर उपाय साधा आहे. पाला दाताळ्याने किंवा खराट्याने एका बाजूला ओढा. जमीन तेवढीच साफ होते. झाडाखाली जुनी लुगडी किंवा जाळी अंथरली तर फुलं मातीला लागत नाहीत, स्वच्छ मिळतात आणि वेचताना कमरेत कमी वाकावं लागतं. आणि झाड स्वतःच्या शेतातलं, धुऱ्यावरचं असेल तर तोच पाला पोत्यात भरून घरी आणा.

एक लक्षात ठेवा. जंगलातला पाला हे जंगलाचं पांघरूण आहे. तो बाजूला ओढला तरी तिथेच राहू द्या, बैलगाडीने भरून आणू नका. परसबागेला लागणारा पाला आपल्या अंगणातून, धुऱ्यावरून, शाळेच्या आणि देवळाच्या आवारातून सहज मिळतो.

वाफ्यावर पाला कसा घालायचा?

सगळ्यात आधी आपला हात पुढे करा आणि अंगठा सोडून चार बोटं जोडा. ती साधारण तीन इंच भरतात. हेच आपलं माप. याला आपण चार बोटांचा नियम म्हणू : थर चार बोटं जाड, आणि खोडापासून चार बोटं लांब.

पायरी १ : वाफ्यातलं तण उपटून घ्या. तणावर पाला टाकला तर जाड तण पाल्यातून वर येतंच.

पायरी २ : मुळाशी थोडं कुजलेलं शेणखत द्या आणि वाफ्याला भरपूर पाणी द्या. कोरड्या मातीवर आच्छादन घालू नका. ओल असेल तर ओल टिकते, कोरड असेल तर कोरडच टिकते.

पायरी ३ : पाला हाताने चुरडून सैल पसरा. दाबू नका. आतून हवा खेळली पाहिजे.

पायरी ४ : खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा. पाला खोडाला चिकटला की तिथे ओल राहून खोड सडतं. पपई आणि मिरचीला हे लवकर होतं.

पायरी ५ : वरून शेणाचं पातळ पाणी किंवा जीवामृत शिंपडा. पाला उडत नाही आणि कुजायला सुरुवात होते.

पायरी ६ : महिन्याभरात थर बसून निम्मा होतो. मग वरून पुन्हा पाला घाला. खालचा उकरू नका.

किती पाला लागेल? १० बाय १० फुटांच्या वाफ्याला चार बोटं थर द्यायचा तर ५० किलोच्या खताच्या साधारण दहा चुंगड्या सैल भरून लागतात. ऐकायला जास्त वाटतं, पण एका मोठ्या कडुनिंबाखाली आठवडाभर झाडा आणि मग मोजा. तेवढा पाला आपण आजवर जाळतच होतो.

रोपाचं वयही बघा. वांगी, मिरची, टमाटे वीतभर झाले की पाला घाला. मेथी, पालक, सांबार यांचं बी पेरलेल्या जागेवर पाला टाकू नका, अंकुर खालीच दबेल. ती चार पानांवर आली की दोन ओळींच्या मध्ये बारीक चुरा पसरा. दोडका, कारलं, भोपळा यांच्या आळ्यात गोल घाला. शेवगा, लिंबू, कढीपत्त्याला फांद्यांचा घेर जिथवर असेल तिथवर पसरा, कारण पाणी पिणारी मुळं तिथवर असतात.

ज्यांच्याकडे परसबागेला जागाच नाही त्यांनीही मागे राहू नये. जुन्या चुंगडीत किंवा फुटक्या बादलीत माती भरून लावलेल्या वांग्याला आणि वेलाला पाल्याची गरज जास्त असते, कारण ती माती चारही बाजूंनी तापते. तिथे दोन ओंजळी पाला पुरतो.

घरच्या वाफ्यापुरतं जीवामृत

१० लिटर पाण्यात अर्धा किलो ताजं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, मूठभर गूळ, मूठभर बेसन आणि बांधावरची चिमूटभर माती घाला. सावलीत ठेवा, वर पोतं झाका. सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळा. दोन दिवसांनी तयार. पाल्यावर शिंपडा. गूळ नवा आणायची गरज नाही, डब्याच्या तळाशी राहिलेला काळा गूळ चालतो.

पाणी केव्हा द्यायचं ते कसं कळेल?

पाला घातल्यावर वरून बघून कळत नाही, वरची पानं कोरडीच दिसतात. म्हणून पाला बाजूला सारा, बोटभर खोलीवरची माती मुठीत घ्या आणि दाबा. लाडू झाला तर आज पाणी नको. माती भुरभुरली तर पाणी द्या. सवयीने रोज ओतत राहिलो तर पाला घालूनही पाणी वाचणार नाही, उलट मुळं सडतील.

पाणी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, थेट मुळाशी द्या. दोन झाडांच्या मध्ये एक मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरलं आणि भरून वर झाकण ठेवलं, तर पाणी झिरपत मुळांना मिळतं. मडकं आणि पाला दोन्ही असले तर उन्हाळा बराच हलका जातो.

बैठकीत येणारे प्रश्न

*"पाला टाकला तं उदई लागन ना?"*

उदई, म्हणजे वाळवी, आपल्याकडे आहेच, आणि कोरड्या पाल्याला ती येते. पण तिला कोरडं, न हललेलं आणि लाकूडकाडी असलेलं जास्त आवडतं. म्हणून पाल्यात जाड काड्या ठेवू नका, शेणपाण्याने थर ओलसर ठेवा, खोडापासून चार बोटं सोडा आणि कडुनिंबाचा पाला मिसळा. घराच्या मातीच्या भिंतीला आणि लाकडी खांबाला लागून पाला कधीच पसरू नका, दोन हात जागा सोडा.

*"विंचू-साप निंगन त्याच्यात."*

ही भीती खरी आहे आणि ती हसण्यावारी न्यायची नाही. विंचू-साप लपतात ते उंच ढिगात, दगडाखाली, लाकडांच्या रचलेल्या थप्पीत. चार बोटांच्या पातळ थरात त्यांना तेवढी जागा नसते, तरी काळजी घ्या. पाल्याचा ढीग दाराजवळ साठवू नका. वाफ्यात हात घालायच्या आधी काठीने पाला हलवा. रात्री वाफ्यात जाऊ नका, जावंच लागलं तर बॅटरी घ्या. लहान लेकरांना पाल्यात खेळू देऊ नका. आणि साप चावलाच तर झाडफूक करत वेळ घालवायचा नाही, थेट सरकारी दवाखाना.

*"कोंबड्या उकरून ठेवतात."*

ठेवतातच. पाल्याखालचे किडे हा त्यांचा खाऊ आहे. वाफ्याला तुराट्यांचं किंवा बोराटीच्या काट्यांचं कुंपण घाला. पाल्यावर आडव्या चार पऱ्हाट्या ठेवल्या तरी उकरणं कमी होतं आणि वाऱ्याने पाला उडतही नाही. फक्त त्या पऱ्हाट्या बोंडं काढलेल्या असाव्यात.

*"पाला मातीतलं सत्त्व खाते म्हणतात."*

यात अर्धं खरं आहे. वाळलेल्या पानात कर्ब खूप आणि नत्र कमी असतं. असा कच्चा पाला मातीत गाडला तर त्याला कुजवणारे जिवाणू आधी मातीतलं नत्र वापरतात, आणि झाड काही दिवस पिवळं पडतं. पण पाला मातीच्या वर राहिला तर हा त्रास जवळजवळ होत नाही. म्हणून पाला पसरायचा, गाडायचा नाही.

*"आग लागली तर?"*

पाला चुलीपासून आणि गोठ्यापासून लांब ठेवा. वाफ्याजवळ विडी-सिगारेट नाही, हे घरातल्या माणसांना स्पष्ट सांगा.

*"घरात कचरा ठेवला तर लोक काय म्हणतील?"*

हा प्रश्न मोठ्याने कुणी विचारत नाही, बैठक संपल्यावर हळूच विचारतात, आणि बहुतेक वेळा सून विचारते. आपल्याकडे झाडलेल्या अंगणावरून बाईची पारख होते. परसात पाला दिसला की "सुनेले झाडाचा कंटाळा आहे" असं कुणीतरी म्हणून जातं. म्हणून पाला घालायच्या आधी घरात सांगा, विशेषतः सासूबाईंना. खरं तर जुन्या आजींना हे आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. हळदीच्या, आल्याच्या वाफ्यावर पाला टाकायची रीत त्यांनी बघितलेली असते. त्यांनाच विचारा, मग त्याच पुढे होऊन सांगतील.

दुसरी युक्ती दिसण्याची. वाफ्याला जुन्या कवेलूंची, विटांची किंवा दगडांची किनार करा. किनारीच्या आत पाला, किनारीच्या बाहेर स्वच्छ झाडलेली, सारवलेली जमीन. मग बघणाऱ्यालाही कळतं की हा कचरा पडलेला नाही, तो मुद्दाम घातलेला आहे. हातात खराटा घेऊन गावं झाडणारे गाडगेबाबा आपल्याच मातीतले. झाडायचं तर आपण सोडणार नाहीच. फक्त झाडलेल्या पाल्याची जागा बदलायची, आगीतून वाफ्यात.

पावसाळा आला की

मृगाच्या सरी पडल्या की आच्छादनाचं काम बदलतं. पावसाचे थेंब थेट मातीवर आपटत नाहीत, म्हणून माती वाहून जात नाही आणि मातीचे शिंतोडे पानांवर उडून येणारे रोग कमी होतात. पण ओल फार झाली तर जाड थर नुकसान करतो. तेव्हा थर दोन बोटांवर आणा.

गोगलगायींवर लक्ष ठेवा. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबाद भागात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली होती. त्या दिवसा ओल्या पाल्याखाली लपतात. संध्याकाळी वाफ्याजवळ ओलं पोतं अंथरा, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातात पिशवी घालून वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका. ते पाणी वाफ्यात ओतू नका. गोगलगायी फारच दिसल्या तर काही दिवस पाला काढून जमीन उघडी ठेवा.

उरलेला पाला वाया जात नाही. परसाच्या कोपऱ्यात तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि दोन-अडीच फूट खोल खड्डा करा. एक थर पाला, त्यावर शेणपाणी, थोडी माती, पुन्हा पाला. ओल टिकवा. पुढच्या वर्षी तुमच्याकडे घरचं पानखत असेल.

समूहात करून बघायचा प्रयोग

मी समाजकार्य शिकले आहे, शेती मला तुम्हीच शिकवत आला आहात. त्यामुळे मी सांगते म्हणून विश्वास ठेवू नका, मोजून बघा.

प्रत्येक समूहाने एक घर निवडायचं. शक्यतो जिचं परस लहान आहे आणि पाणी लांबून आणावं लागतं अशी ताई निवडा. तिच्या परसात शेजारी-शेजारी सारख्या मापाचे दोन वाफे. दोन्हीत एकच भाजी, तेवढीच रोपं, तेवढंच शेणखत. एका वाफ्यावर पाला, दुसरा उघडा. पाला जमवायला सगळ्या जणींनी एक-एक चुंगडी आणायची.

पाणी दोन्ही वाफ्यांना मातीचा लाडू बघूनच द्यायचं, सवयीने नाही. आठ आठवडे समूहाच्या रजिस्टरच्या मागच्या पानावर चार गोष्टी लिहायच्या :

– या आठवड्यात कोणत्या वाफ्याला किती गुंड पाणी दिलं
– किती वेळा निंदावं लागलं आणि किती वेळ गेला
– किती भाजी निघाली (तराजू नसेल तर वाटीने किंवा जुडीने मोजा)
– उदई, गोगलगाय, खोडसड असं काही दिसलं का

जिला लिहिता येत नाही तिने भिंतीवर कोळशाने गुंडाच्या रेघा मारल्या तरी चालेल. शाळेत जाणारी मुलगी त्या रेघा रजिस्टरवर उतरवेल.

पाल्याच्या वाफ्यात काही बिघडलं तर तेही लिहा. कुणाच्या जमिनीत उदई जास्त, कुणाकडे पाणी तुंबतं. एका गावात चाललं ते दुसऱ्या गावात तसंच चालेल असं नाही, आणि ते आपल्याला रजिस्टरवरूनच कळेल.

पुढच्या बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या घराजवळ कोणती झाडं आहेत आणि त्यांचा पाला आत्ता कुठे जातो?
२. उन्हाळ्यात परसबागेसाठी रोज किती गुंड पाणी लागतं, आणि ते कोण आणतं?
३. मोह वेचताना आग न लावता जमीन साफ करायला आपल्या टोळीला काय लागेल? जाळी सगळ्यांनी मिळून घेता येईल का?
४. शाळा, अंगणवाडी आणि देवळाच्या आवारातला पाला न जाळता परसबागांसाठी द्यावा, असा विषय ग्रामसंघाकडून ग्रामसभेत कोण मांडेल?

होळीच्या आधीच्या बैठकीत प्रयोगाचं घर ठरवा आणि कृषी सखीकडे नाव द्या. मे महिन्याच्या शेवटी प्रभागसंघाच्या बैठकीला येताना रजिस्टर सोबत आणा. सगळ्या गावांचे गुंड आपण एकत्र मोजू.

तोवर, उद्या सकाळी अंगण झाडून झालं की काडी ओढायच्या आधी एकदा वाफ्याकडे बघा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक